“हे कशाला लागतं गं तुला?”

डिसेंबरमध्ये आम्ही चौघी एका लाइव्ह कॉन्सर्टला गेलो होतो. गेटवर बॅग तपासणी चालू होती. पाण्याच्या बाटल्या बाजूला, डिओ बाजूला, लिपस्टिक उघडून दाखवा, असा सगळा प्रकार. माझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात हात घातल्यावर सिक्युरिटीच्या ताई थांबल्या. त्यांच्या हातात लाल रंगाचा, बोटाएवढा स्विस नाईफ होता. दहावी झाल्यावर मामानं दिलेला. आदल्या रविवारी ट्रेकला तीच सॅक नेली होती आणि मी तो बाहेर काढायला विसरले होते.

शेजारी एक लेडी कॉन्स्टेबल उभ्या होत्या. त्यांनी चाकू हातात घेतला, पातं उघडलं, बंद केलं आणि अगदी शांतपणे विचारलं, “हे कशाला लागतं गं तुला?”

मी घाबरून जे पहिलं सुचलं ते बोलले. “सेफ्टीसाठी.”

मागून मैत्रीण घाईघाईनं म्हणाली, “नाही नाही मॅडम, ट्रेकला! काकडी कापायला!”

कॉन्स्टेबल हसल्या. चाकू लायटरच्या खोक्यात टाकला, कार्यक्रम संपल्यावर घेऊन जा म्हणाल्या. पण जाता जाता मला एक वाक्य ऐकवलं. “काकडी हेच उत्तर बरोबर आहे. दुसरं उत्तर परत कुणाला देऊ नकोस.”

कॉन्सर्टभर माझ्या डोक्यात तेच. सेफ्टीसाठी म्हटलं तर काय चुकलं? हॉस्टेलला जाताना आईनंच तर सांगितलं होतं, पर्समध्ये काहीतरी ठेवत जा म्हणून. मग घरी आल्यावर कायदा काढून वाचायला बसले. पत्रकारितेच्या विद्यार्थिनीला तेवढं तरी यायला हवं ना!

सहा इंच, नऊ इंच, तीन इंच

आमच्या ट्रेक ग्रुपमध्ये मी सहज विचारलं, “चाकू जवळ ठेवणं लीगल आहे का?” पाच मिनिटांत पाच उत्तरं आली. ‘चार इंचापर्यंत चालतं.’ ‘सहा इंच.’ ‘नऊ इंच, मी वाचलंय.’ ‘फोल्डिंग असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही.’ आणि एक नेहमीचा, ‘पोलिसांच्या मूडवर आहे भावा.’

यातल्या नऊ इंचवाल्याकडे थोडा तरी आधार आहे. आपल्याकडे हत्यारांचा मुख्य कायदा आहे तो शस्त्र अधिनियम, १९५९. बातम्यांमध्ये आपण ज्याला आर्म्स ॲक्ट म्हणतो तोच. त्याखालच्या २०१६ च्या नियमांमध्ये हत्यारांची वर्गवारी दिली आहे. त्यात तलवारी, खंजीर, भाले यांच्या रांगेत चाकूही येतात. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल, तर तो चाकू या यादीत बसतो. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं मात्र यातून वगळली आहेत. म्हणून आपल्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या सुरीला किंवा विळीला लायसन्स लागत नाही.

पण नऊ इंच हा आकडा पाठ करून निर्धास्त होऊ नका. याच कायद्याचं कलम ४ सांगतं की केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागात एखाद्या प्रकारच्या हत्यारावर निर्बंध घालू शकतं. मग त्या भागात ते हत्यार विनापरवाना बाळगता येत नाही. आणि हत्यार म्हणजे काय, हे त्या त्या ठिकाणच्या अधिसूचनेत लिहिलेलं असतं. उदाहरण दिल्लीचं. तिथल्या १९८० च्या अधिसूचनेत बटण दाबून किंवा स्प्रिंगनं उघडणारे चाकू आहेत, आणि तिथली मर्यादा आहे ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद पातं. म्हणजे साधारण तीन इंच! याच अधिसूचनेवरून दाखल झालेली एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. अधिसूचनेत विक्रीसाठी वगैरे जवळ बाळगण्याबद्दल म्हटलंय आणि आरोपपत्रात तसा आरोपच नाही, म्हणून कोर्टानं ती केस रद्द केली. सुटला बिचारा, पण कुठवर जाऊन सुटला बघा.

इंचांचं गणित असं गावागणिक बदलतं. आणि आपल्या महाराष्ट्रात तर इंचाचा प्रश्नच न येता चाकू बेकायदा होऊ शकतो.

पेपरमधली ती न वाचलेली बातमी

‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू.’ ही बातमी तुम्ही हजार वेळा पाहिली असेल आणि एकदाही वाचली नसेल. मीही वाचली नव्हती. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, सिंगल कॉलम. सण आले, निवडणुका आल्या, मोर्चे निघाले की ती येतेच. सोबत कंसातले आकडे, ३७ (१) (३).

हे आकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधले आहेत. कलम ३७ (१) नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी सार्वजनिक ठिकाणी काही गोष्टी बाळगायला मनाई करू शकतात. यादीत बंदुका, तलवारी, भाले आहेत, सोटे आणि लाठ्याकाठ्याही आहेत, आणि सुरे-चाकूही आहेत. शेवटी सगळ्यात मोठं जाळं टाकलंय, ते म्हणजे शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कुठलीही वस्तू.

या यादीत कुठे इंच सापडतो का बघा. नाही सापडत. आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी तुमच्या खिशात दोन इंचांचा चाकू असला तरी तो या यादीत येऊ शकतो. हे आदेश थोड्या थोड्या दिवसांचे असतात, पण एक संपला की अनेकदा दुसरा निघतो. त्यामुळे आज आपल्या शहरात तो लागू आहे की नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगताच येणार नाही. आदेश मोडला तर कलम १३५ नुसार शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. कोर्टानं खास कारण लिहून दिलं नाही, तर किमान चार महिने.

म्हणून क्राइमच्या बातमीत शेवटी जे वाक्य येतं ना, ‘आरोपीविरुद्ध शस्त्र अधिनियम कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७ (१), १३५ नुसार गुन्हा दाखल’, ते दोन वेगळ्या कायद्यांचं जोडकाम आहे. एकातून सुटलात तरी दुसरा उभाच असतो.

कोयता फडातला आणि कोयता बाईकवरचा

मग कायदा नेमका बघतो काय? याचं उत्तर आर्म्स ॲक्टच्या व्याख्येतच आहे. आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी हत्यार म्हणून बनवलेली, किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र नव्हे. साध्या चालण्याच्या काठीचं उदाहरणही कायद्यानंच दिलंय.

हे समजायला आपल्याकडे कोयत्याइतकं चांगलं उदाहरण नाही. कोकणात शेतावर निघालेला माणूस कमरेला आकडी बांधून त्यात कोयता अडकवतो. त्याला कुणी अडवत नाही. उसाच्या फडात हजारो हातांत कोयते असतात. तोच कोयता रात्री बारा वाजता तिघं बसलेल्या बाईकवर, शर्टाच्या आत निघाला, की पेपरात ‘कोयता गँग’ची बातमी होते. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यात हा शब्द इतका कानावर पडलाय की शेतकऱ्याच्या अवजाराचं नाव घेतलं तरी लोक दचकतात. पातं तेच, लोहार तोच. बदललं ते ठिकाण, वेळ आणि हातात धरण्याचं कारण.

आमच्या आजोबांच्या चंचीत कायम अडकित्ता असायचा. सुपारी कातरायचा. एसटीत, लग्नात, तहसीलदार कचेरीत, कुठेही काढायचे. त्यांना कुणी कधी ‘हे कशाला लागतं’ विचारलं नाही, कारण उत्तर समोरच कातरलं जात होतं!

आता माझं ‘सेफ्टीसाठी’ आठवा. व्याख्येत ‘संरक्षणासाठी’ हा शब्द स्पष्ट आहे. त्या एका शब्दानं माझा काकडी कापायचा चाकू लगेच शस्त्र ठरत नाही. तो कशासाठी बनवलाय, किती मोठा आहे, आदेश लागू आहे का, हे सगळं बघितलं जाईल. पण हे माझ्या दृष्टीनं अवजार नाही, वेळ आली तर कुणावर तरी चालवायची वस्तू आहे, असं मी स्वतःच्या तोंडानं सांगून बसले होते. त्या कॉन्स्टेबल ताईंनी मला एका वाक्यात आख्खं कलम शिकवलं होतं.

मग मुलींनी करायचं काय?

हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण तो माझाही आहे. जानेवारी २०१३ मध्ये, दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, मुंबईत शिवसेनेनं महिलांना छोटे चाकू वाटले होते. तेव्हा त्याच्या भरपूर बातम्या झाल्या. आजही हॉस्टेलवर निघालेल्या मुलीच्या पर्समध्ये आई-मावशी काहीतरी धारदार सरकवतातच. त्यामागची भीती खोटी नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याच्यासाठीच आहेत. हल्ला झाला तर हातात येईल त्या वस्तूनं स्वतःला वाचवणं हा त्या हक्काचा भाग आहे. रोज पर्समध्ये चाकू घेऊन फिरणं मात्र त्या हक्कात आपोआप येत नाही. तो प्रश्न आर्म्स ॲक्ट आणि मनाई आदेशाचा.

आणि एक साधा व्यवहार. साध्या भांडणात हातात चाकू आला की गुन्ह्याचं वजन बदलतं. भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला जास्तीत जास्त एक वर्ष कैद आहे. तीच दुखापत भोसकायच्या किंवा कापायच्या साधनानं केली, तर कलम ११८ लागतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. मेसमधल्या धक्काबुक्कीत कुणी ‘फक्त घाबरवायला’ चाकू काढला, तर फक्त घाबरवणं कुठे थांबेल हे सांगता येत नाही. माझ्यापुरतं मी ठरवलंय, पर्समध्ये शिट्टी आणि फोनमध्ये ११२ स्पीड डायलवर. आईला हे पटवायला दोन तास लागले.

जमवायचा छंद असेल तर?

आमच्या कॉलेजचा एक सीनियर चाकू जमवतो. त्याचं कपाट बघायला मी मुद्दाम गेले. मखमलीवर ओळीनं फोल्डिंग चाकू, प्रत्येकाखाली चिठ्ठी. स्विस नाईफची गोष्ट तो डोळे मिटून सांगतो. कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १२ जून १८९७ ला ‘ऑफिसर्स नाईफ’ची नोंदणी केली. त्यातूनच पुढे व्हिक्टोरिनॉक्स हा ब्रँड उभा राहिला. जगभर चाकूंचे नियम इतके कडक होत चाललेत की २०२४ मध्ये या कंपनीनंच पातं नसलेलं मॉडेल आणायचा विचार बोलून दाखवला!

त्याच्याकडे रामपुरीही आहे, छोटा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू हिंदी सिनेमातल्या गुंडांनी इतका बदनाम केला की मूळची कारागिरी मागेच पडली. गंमत म्हणजे त्याच रामपूरमध्ये २०२३ मध्ये ‘चाकू चौक’ उभा राहिला, वीस फुटी चाकूच्या शिल्पासकट.

असा छंद घरच्या कपाटात राहिला तर सहसा अडचण येत नाही. नऊ इंच-दोन इंचांच्या आतले चाकू, घरात, नीट ठेवलेले. पण संग्रहात खंजीर, गुप्ती, तलवार आली की चित्र बदलतं. ‘शो पीस आहे’ म्हणून भागत नाही. धार असलेली खरी तलवार यादीतच आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू हाती लागली तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आडवा येतो. अशी वस्तू तुम्ही परदेशी पाठवू शकत नाही. जुन्या वस्तू डोळे भरून बघायच्या असतील तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथले अडकित्ते बघून पाय निघत नाही.

ऑनलाइन मागवताना तर डोकं ठिकाणावर हवं. वेबसाइटवर मिळतंय म्हणजे कायदेशीरच असणार, असं आपण धरून चालतो. २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्ये पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकूंची पार्सलं पकडली होती आणि मागवणाऱ्यांनाही ताब्यात घेतलं होतं. विकणारा लांब कुठेतरी असतो. पार्सलवर पत्ता आपला असतो.

शिखांच्या कृपाणाचं काय, असं कुणीतरी विचारतंच. तिथे राज्यघटनाच बोलते. अनुच्छेद २५ मध्ये कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानलाय. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला पातं सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत असलेलं कृपाण नेता येतं. आपल्या बाकीच्यांचा पॉकेट नाईफ मात्र चेक-इन बॅगेत. हँडबॅगेत सापडला तर त्याला तिथेच रामराम.

ताई, लीगल आहे गं

हे सगळं वाचत असतानाच इन्स्टावर माझ्या आतेभावाची रील आली. वय एकोणीस. गावाकडे असतो, पहाटे पाचला उठून पळतो, गोळाफेक करतो, पोलीस भरतीची तयारी. रीलमध्ये तो बटरफ्लाय चाकू बोटांवर फिरवत होता. मागे दणदणीत गाणं, खाली कॅप्शन, ‘नाद नाय करायचा’. चौदाशे लाइक्स.

मी फोन केला. तो म्हणाला, “ताई, लीगल आहे गं. नऊ इंचाच्या आत आहे. मोजलाय मी.”

मी त्याला इंच सोडून दुसरं काहीतरी विचारलं. “हे कशाला लागतं रे तुला?”

पलीकडे शांतता. मग म्हणाला, “असंच.”

असंच! वाढदिवसाला तलवारीनं केक कापणाऱ्या पोरांचंही उत्तर हेच असतं. व्हिडिओ व्हायरल होतो, दुसऱ्या दिवशी पोलीस घरी येतात, आणि मग हात जोडून माफी मागतानाचा दुसरा व्हिडिओ येतो. आपण दोन्ही बघतो आणि स्क्रोल करतो. माफीच्या व्हिडिओनंतर काय होतं ते कुणी रीलमध्ये टाकत नाही.

नंतर होते ती चारित्र्य पडताळणी. भरतीत ग्राउंड झालं, लेखी झाली, मेरिटला नाव लागलं, की फॉर्म समोर येतो. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? ‘हो’ लिहिलं तर प्रश्न. ‘नाही’ लिहिलं आणि नंतर सापडलं तर त्याहून मोठा प्रश्न, कारण माहिती लपवणं हेच नोकरी जायला पुरेसं कारण ठरू शकतं. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर निकाल दिला. उमेदवारानं खरी माहिती देणं बंधनकारक आहे, आणि किरकोळ गुन्ह्याकडे दुर्लक्ष करायचं की नाही ते नेमणूक करणाऱ्यानं ठरवायचं. म्हणजे तुमच्या पहाटे पाचच्या पळण्याचं काय होणार, ते दुसरं कुणीतरी ठरवणार.

मी आतेभावाला हे सगळं सांगितलं. तो फार काही बोलला नाही. “बघतो,” म्हणाला.

तासाभरानं स्क्रीनशॉट आला, रील डिलीट. खाली मेसेज, ‘चाकूचं काय करू? तुला पाहिजे का?’

मी लिहिलं, ‘नको. माझ्या सॅकमध्ये एक आहे, काकडीवाला. तोसुद्धा आता फक्त ट्रेकच्या दिवशी बाहेर पडतो.’

सॅक भरण्याआधी

- ट्रेकचा चाकू ट्रेकच्या सामानात, डब्याबरोबर किंवा फर्स्ट एडच्या पाऊचमध्ये ठेवा. खिशात किंवा कमरेला नको. परत आल्यावर सॅकमधून काढा. (मी विसरले होते!)
- स्प्रिंगचे, बटणाचे, झटक्यात उघडणारे चाकू घेऊच नका. दिल्लीला जाताना तर नाहीच.
- ‘मनाई आदेश’ची बातमी दिसली की यापुढे वाचा. दोन मिनिटं लागतात.
- कॉलेज, मॅच, कॉन्सर्ट, मोर्चा, मिरवणूक या ठिकाणी चाकूचं काही काम नसतं. मग तो घरीच राहू दे.
- पोलिसांनी विचारलं तर लपवू नका, पळू नका, खरं ते सांगा. आणि खरं उत्तर ‘असंच’ असेल, तर तो चाकू घरातून निघतानाच कपाटात ठेवा.